हिऱ्याच्या पोटात सर्ज्या

यंदाही बागेचं पाणी तोडलं आणि आठवड्याच्या आत तो निरोप आला. संगणकाच्या पडद्याच्या मधोमध, निळ्या चौकटीत, अत्यंत सभ्य भाषेत: तुमचं यंत्र पुढच्या आवृत्तीसाठी पात्र नाही. मी चहाचा कप खाली ठेवला, निरोप पुन्हा एकदा वाचला आणि पडद्याला अशा काही शिव्या दिल्या की ओट्यावर लसूण सोलत बसलेल्या बायकोने, सुरेखाने, मान वर न करता विचारलं, "वर्गात बी असंच बोलता का?"

पात्र नाही. हे शब्द आमच्या अंबड तालुक्यात ग्रामपंचायतीच्या भिंतीवर शोभतात. घरकुलाची यादी, विहिरीची यादी, ठिबकची यादी, खाली शिक्का आणि न वाचता येणारी सही. तिथे आम्हाला त्यांची सवय आहे. पण माझ्याच घरात, माझ्याच टेबलावर, रोज इमानाने चालणारं यंत्र मला हे सांगतं? त्याला काय झालंय? प्रश्नपत्रिका टाइप करून देतं, भीमसेनी आवाजात गाणी वाजवतं, संभाजीनगरला इंजिनिअरिंग शिकणाऱ्या आमच्या तेजूचं तोंड दाखवतं. दूर कुठे तरी गार खोलीत बसलेल्या कुणाला तरी वाटलं की ह्याचं वय झालं, म्हणून ते झालं. मला राग येतो. एरवी मी रागीट माणूस नाही. शाळेत कुणालाही विचारा. नववी ब सोडून.

हे दिवसच तसे असतात. ज्यांच्या रानात मोसंबी नाही त्यांच्यासाठी सांगतो: आंबे बहार, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडावरचा फुलोरा, धरायचा तर डिसेंबरात झाडाचं पाणी तोडावं लागतं. ह्याला ताण देणं म्हणतात. चाळीस-पन्नास दिवस झाड तहानलेलं ठेवायचं. पानं आधी मलूल होतात, मग कडेने आत वळतात, मग पिवळी पडून गळतात. दुपारी बागेत उभं राहिलं की तापलेल्या मातीचा आणि सालीचा कडवट वास येतो, आणि पायाखाली पानं पापडासारखी मोडतात. झाड आता जातंय की काय, असं वाटायला लागलं की पाणी सोडायचं, ताण तोडायचा. मग ते जिवाच्या आकांताने फुलतं. ही रीत कुणी शोधून काढली मला माहीत नाही, पण तो माणूस शिक्षक असणार.

ह्या दिवसांत बागेबरोबर आमचं घरही ताणावर असतं. कोरडी हवा, वीज यायची वेळ रोज वेगळी, आणि घरात येऊन पडलेल्या कापसाचे तंतू यंत्रांच्या पंख्यांत जाऊन बसलेले. पंखे घुमायला लागतात. प्रत्येकाचा सूर वेगळा. मी झोपेतूनही सांगू शकतो की कोण धापा टाकतंय.

पाच यंत्रं आणि माणसं दोन, असं आमचं घर आहे. लोकांना वाटतं मास्तरला नाद आहे. मास्तरला नाद आहेच, पण मास्तरणीचा त्याहून मोठा आहे. मी यंत्रं उघडतो ती मजा म्हणून, सुरेखा उघडते ती दुरुस्त करायला. आणि तिने उघडलेली परत बंद होतात, हा दुसरा फरक. यंत्रांना नावं आहेत. बैलजोडी गेली आणि ट्रॅक्टर आला त्या वर्षी पोळ्याला पूजा कशाची करायची हा प्रश्न पडला, तेव्हा माझा धाकटा भाऊ भास्कर म्हणाला, घरात राबणारं जे आहे त्याची करा. त्यानेच ऑइल पेंट आणून एकेका यंत्राच्या डब्यावर नाव रंगवलं. ओसरीतल्या खोलीतला जुना, दणकट तो सर्ज्या. त्याच्यावर सुरेखाचं काम. माझ्या टेबलावरचा हिऱ्या. तेजूचा जुना तो मोऱ्या. लॅपटॉप म्हणजे कपिली. आणि पंपाच्या खोलीत जमिनीचा ओलावा मोजणारं तळहाताएवढं बोर्ड आहे, ते वासरू. तेव्हापासून पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे खांदेमळण होते. बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळतात, तशी आम्ही प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट खरवडून नवी लावतो. दुसऱ्या दिवशी डब्यांना गुलाल. एका वर्षी गुलाल आत गेला आणि मोऱ्या महिनाभर शिंकत होता.

सर्ज्यावर काय होतं ते सांगायला हवं, कारण सगळं तिथेच घडलं. आमच्या बागेत मोसंबीची एकशे चाळीस झाडं. सुरेखाने आठ वर्षं प्रत्येक झाडाची नोंद ठेवली होती. दर पंधरवड्याला फोटो. कुठे खोडाला डिंक्या रोग लागला, कुठली फांदी वाळली, ताणानंतर कोण किती दिवसांत सावरलं. त्यासाठी तिने स्वतः प्रोग्रॅम लिहिला होता. तिचं शिक्षण बारावी, आणि प्रोग्रॅम लिहायला ती तेजूची पुस्तकं वाचून शिकली, तेजूच्या आधी.

आणि त्या वर्षी, तीन वर्षांपूर्वी, त्या नोंदींवर बाग अवलंबून होती. बाग सतरा वर्षांची झाली होती, बरीच झाडं शेंड्याकडून वाळत होती. रान आम्हा दोघा भावांचं, पण कसतो भास्कर. दिवाळीत त्याने सांगून टाकलं की बाग म्हातारी झाली, आता सगळी काढायची आणि सोयाबीन करायचं. सुरेखा म्हणाली सगळी म्हातारी नाही. भास्कर हट्टी आहे पण सरळ आहे. "वहिनी, कोणतं झाड जगणार ते दाखवा पुराव्यानिशी," तो म्हणाला, "तेवढं ठेवू. ताण तोडायच्या आत दाखवा, मंग मी जेसीबी सांगून राह्यलो." सुरेखाने मान डोलावली. तिच्याकडे आठ वर्षं होती.

आता माझा पराक्रम.

त्याच डिसेंबरात पहिल्यांदा तो निरोप आला. एकदम चार यंत्रांवर. अपात्र, अपात्र, अपात्र, अपात्र. माझं टाळकं सरकलं. मी ठरवलं, ह्यांची आवृत्ती गेली खड्ड्यात. सगळ्या यंत्रांवर ती फुकट मिळणारी, कुणाची पात्रता न विचारणारी सिस्टिम टाकायची. कपिली तेवढी शाळेच्या कामासाठी तशीच ठेवायची; यंदाचा निरोप तिच्याच पडद्यावर आला. नाताळची सुट्टी रविवारला लागून आली होती. मी बाह्या सरसावल्या. यंत्र पुसून नवी सिस्टिम टाकण्यात जो आनंद आहे तो ज्याने केलंय त्यालाच कळेल. जुनं घर पाडल्याचा आणि नवं बांधल्याचा आनंद एका तासात मिळतो आणि गवंडी लागत नाही.

सकाळी मोऱ्या पुसला. मोऱ्यावर सर्ज्याच्या नोंदींची दुसरी प्रत होती. मला ठाऊक होतं. पण मूळ सर्ज्या तर शाबूत आहे, मोऱ्या नवा झाला की परत उतरवून घेऊ, असा माझा शास्त्रशुद्ध विचार. तो विचार आठवला की अजून मला स्वतःच्या कानाखाली द्यावीशी वाटते.

मग हिऱ्याकडे वळलो. हिऱ्या माझा, त्यावर जुन्या प्रश्नपत्रिका आणि गाणी, बाकी काही नाही. डिस्क बरी होती, म्हणून तीच ठेवून पुसायची. तरी नवरा म्हणून एक शिस्त असते. सुरेखा बागेत होती, मी तिला फोन लावला.

"हिऱ्या पुसू का?"

"हिऱ्या खुशाल पुसा. सर्ज्याला फक्त हात लावू नका."

"सर्ज्याकडं बघत बी न्हाई," मी म्हटलं, आणि पुसला.

चारच्या सुमाराला ती आली. पाय धुतले, माझ्या टेबलापाशी आली आणि नव्या सिस्टिमचं नवं चित्र बघत उभी राहिली. मी अभिमानाने खुर्ची मागे सरकवली.

"हे काय केलं?"

"हिऱ्या पुसला. तूच म्हणाल्तीस."

तिने ओसरीतल्या खोलीकडे बोट दाखवलं. "हिऱ्या तिकडं हाय. सर्ज्याच्या डब्यात. ह्याच्यात सर्ज्या होता."

तेव्हा मला दिवाळीची संध्याकाळ आठवली. विजेचा दाब वरखाली होऊन सर्ज्याच्या डब्यातून जळका वास आला होता. सुरेखाने रिकाम्या वेळात दोन्ही डबे उघडले, सर्ज्याची डिस्क काढून माझ्या डब्यात बसवली, कारण माझा डबा धड होता. आणि हिऱ्याची डिस्क त्या आजारी डब्यात. मी तेव्हा सहामाहीचे पेपर तपासत होतो. ती म्हणाली होती, हिऱ्याच्या पोटात सर्ज्या टाकलाय. मी बरं म्हटलं होतं. खरं सांगतो, मला वाटलं ती टीव्हीवरच्या मालिकेबद्दल बोलतेय. पुढे दोन महिने मी हिऱ्याला हातही लावला नाही, सगळं कपिलीवरच करत होतो, आणि ती त्याच्यावर बसायची ती मी शाळेत असताना.

मी वाद घातला. हरलेला माणूस वाद घालतोच. म्हटलं, नाव डब्यावर लिहिलंय, भास्करने ऑइल पेंटने लिहिलंय, हा डबा हिऱ्या आहे हे शेंबडं पोरही सांगेल.

"नाव डब्याचं असतंय व्हय?" ती शांतपणे म्हणाली. "बैल दुसऱ्या गोठ्यात बांधला म्हणून त्याचं नाव बदलतंय का?"

देह आणि आत्मा ह्यावर आमच्या सप्त्यात सात-सात दिवस कीर्तनं होतात. मी पुढच्या रांगेत बसून ऐकली आहेत. आणि ऐन वेळी मी डबा बघितला.

मग तिने विचारलं, मोऱ्या? सकाळीच पुसला, मी म्हटलं.

ती ओरडली असती तर मी सुटलो असतो. एखादं भांडं आपटायचं, माझ्या सात पिढ्या काढायच्या, माहेरी फोन लावायचा. काही नाही. तिने वांगी भाजली, भरीत केलं, मला वाढलं. त्या भरताचा मला जो राग आला तो सांगता येत नाही. जेवताना ती बागेकडच्या खिडकीतून बाहेर बघत होती, आणि मी तिच्याकडे बघत नव्हतो. तेजूला फोनवर सांगितलं तर ती फक्त "बाबा" म्हणाली. दोन अक्षरं. इतक्या खालच्या सुरात मला माझ्या बापानेही कधी हाक मारली नव्हती. भास्करला तर हसू आवरेना. मग एकदम गंभीर होऊन म्हणाला की झालं ते झालं, वहिनीने आता बागेचा नाद सोडावा.

दुसऱ्या दिवशी मी डिस्क टॉवेलात गुंडाळून शर्टाच्या आत घातली आणि मोटारसायकलवर जालना गाठलं. बाजारात युसूफभाईंचं जुन्या सुट्या भागांचं दुकान आहे. मेलेल्या यंत्रांचे डोळे, काळजं, आतडी त्यांच्याकडे डब्यांत रचून ठेवलेली असतात. त्यांनी डिस्क कानाला लावली, फिरवली, ऐकली.

"गुरुजी, पुसल्यावर वरून काय लिवलं?"

"नवी सिस्टिम."

"मंग तेवढी जागा गेली समजा. बाकी हाये अजून. पर एक सांगतो, फोटो निघतील, नावं न्हाई निघणार."

तसंच झालं. दोन दिवस त्यांच्या यंत्राने डिस्क खरवडली. फोटो हजारांनी निघाले. तारीख फोटोच्या आतच असते, ती राहिली. पण कुठला फोटो कुठल्या झाडाचा ते सुरेखाच्या प्रोग्रॅमला ठाऊक होतं, आणि प्रोग्रॅमची नोंद नेमकी त्या जागेवर होती जिथे मी माझा विजय लिहिला होता. हाती आलं ते असं: हजारो बुंधे, हजारो फांद्या, हजारो पिवळी पानं, आणि प्रत्येकाचं नाव म्हणजे एक लांबलचक आकडा. यात्रेत हरवलेल्या पोरांसारखी, आई-बापाचं नाव सांगता न येणारी.

मी ते सगळं सुरेखासमोर ठेवलं आणि म्हटलं, ह्याचा काही उपयोग नाही. रागानेच म्हटलं. राग स्वतःवर, पण आवाज तिच्यावर.

तिने पहिला फोटो उघडला. थोडा वेळ बघितला. "एकशे अकरा," ती म्हणाली.

मी विचारलं कशावरून. म्हणाली, पश्चिमेकडे पाठ करून बसलंय बघा. दुसरा उघडला: हे नऊ, ह्याच्या दुबेळक्यात, दोन फांद्यांच्या बेचक्यात, पाणी साचतं. तिसरा: बावन्न, त्याला भास्करभावजींचा ट्रॅक्टर लागला होता. माझा विश्वास बसेना. मी फोन घेऊन बागेत गेलो. झाडांना पत्र्याचे बिल्ले आहेत, नंबरांचे. ती घरातून आकडा सांगायची, खुणा सांगायची, आणि मी वाळल्या पानांतून धावत त्या झाडापाशी जायचो. तिला एकदा तरी चुकताना पकडायचं ह्या एकाच हट्टाने मी ती बाग पालथी घातली. सतरा वर्षं त्या बागेच्या कडेने शाळेत जातोय. मला सगळी झाडं सारखी दिसत होती. नववी ब मधली पोरं मला पाठमोरी ओळखता येतात, आणि ही बाई झाडं पाठमोरी ओळखत होती. बिल्ला वाचायचा, फोनवर "बरोबर" म्हणायचं, आणि पुढच्या झाडाकडे जायचं. "बरोबर" म्हणताना इतका राग मला कधी आला नव्हता.

महिनाभर ती रोज दुपारी बसली. मी शाळेतून आलो की पडताळणीला. तोवर बाग सुकत चालली होती, पानांचा सडा पडत होता. पाणी सोडायला चार दिवस असताना तिची यादी झाली. आठ वर्षांची नाही, जेवढी हाती आली तेवढ्याची. भास्कर आला, चहा घेतला, यादी दोनदा वाचली. मग त्याने जो प्रश्न विचारला त्याचा मला भयंकर राग आला, कारण तो बरोबर होता.

"वहिनी, नंबर तुम्हीच सांगताय. हे फोटो त्याच झाडांचे कशावरून? दादानं तर पुरावाच पुसून टाकला."

मी तोंड उघडणार तोच सुरेखा म्हणाली, "आज नका मानू. पाणी सोडा. तीन आठवड्यांनी नवती बघा. कोणत्या झाडाला फुटणार न्हाई त्याच्यावर मी आजच फुली मारते."

नवती म्हणजे नवी, कोवळी पालवी. नुसतं फूल मरणाऱ्या झाडालाही येतं, उलट जास्तच येतं, असं ती सांगते. नवती फक्त जगणाऱ्याला येते.

"एक जरी चुकलं तर?"

"तर सगळी काढा."

मला विचारायचं काही कारणच नव्हतं, त्यामुळे मला कुणी विचारलं नाही. तिने गेरू कालवला आणि त्याच संध्याकाळी अडतीस बुंध्यांवर फुल्या मारल्या. मी डबा धरून मागे चालत होतो. एकेका झाडापाशी ती थोडी थांबायची. एका ठिकाणी बराच वेळ थांबली, सत्तावन्न नंबरापाशी. मी म्हटलं, शंका असेल तर सोड. तिने फुली मारली.

ताण तुटला. तापलेल्या आळ्यांत पाणी शिरताना जो आवाज येतो, मातीने घटाघटा प्यायल्यासारखा, तो ऐकायला मी दर वर्षी जातो. त्या वर्षी गेलो नाही. घरात बसून मोऱ्यावर सिस्टिमची एक क्षुल्लक चूक तीन दिवस दुरुस्त करत होतो.

तिसऱ्या आठवड्यात वास आला. मोसंबीच्या फुलांचा वास दारातून येत नाही, तो आधी तुमच्या कपड्यांत असतो आणि मग तुम्हाला कळतं. यंत्रांच्या पंख्यांनी तो आत ओढला आणि गरम करून खोलीत सोडला. सगळं घर लग्नघरासारखं घमघमत होतं, आणि घरातली दोन माणसं एकमेकांशी कामापुरतं बोलत होती. यंदाही हाच वास येईल आणि मला तेच दिवस आठवतील. वासाला काय, तो कुणाचा गुन्हा बघून येत नाही.

ठरल्या दिवशी जेसीबी बांधावर येऊन उभा राहिला. भास्कर पुढे, सुरेखा त्याच्या बाजूला, मी मागे. ओळीने निघालो. मधमाश्यांचा आवाज एवढा की बोलायचं तर जवळ जावं लागत होतं. फुली न मारलेल्या प्रत्येक झाडाला नवती होती, पोपटी, चकचकीत, बोटभर. भास्कर फांदी वाकवून बघायचा आणि पुढे जायचा. एकशे दोन झाडं. एकही चुकलं नाही. फुलीच्या झाडांवर फुलं होती, काहींवर तर पानाला जागा नाही इतकी, पण पालवी नाही. एकामागून एक. मी मागून बोटांवर फुल्या मोजत होतो.

सत्तावन्नपाशी भास्कर खाली बसला. बुंध्याला कान लावावा तसा वाकला. उत्तरेकडच्या एका फांदीवर, अगदी आतल्या बाजूला, चार पानं फुटली होती. त्याने बोटाने खालपासून वर चाचपलं, कारण कलमाखालच्या जंगली खुंटाला फुटलेली पानं मोसंबीची नसतात.

"खुंटावरची न्हाई," तो म्हणाला. "कलमाच्या वरची हाय. वहिनी, ह्याच्यावर फुली हाय तुमची."

"चुकले मी," सुरेखा म्हणाली.

मी भास्करकडे बघत होतो, आणि त्या क्षणी त्याने जर शब्दावर बोट ठेवलं असतं तर सख्खा भाऊ आहे हे मी विसरणार होतो. तो उठला, गुडघ्यांची माती झटकली, ती चार पानं पुन्हा एकदा बघितली.

"मंग हे बी राहू द्या," तो म्हणाला आणि जेसीबीवाल्याला बाकीची दाखवायला निघून गेला.

सुरेखा तिथेच उभी राहिली. मग तिने पदराचं टोक तोंडात ओलं केलं आणि बुंध्यावरची फुली घासायला लागली. गेरू सालीत मुरला होता, निघेना. आठ वर्षांच्या नोंदी गेल्या तेव्हा ह्या बाईच्या डोळ्यांत टिपूस नव्हता, आणि आता चार पानांपायी दोन्ही डोळे वाहत होते. मला पुन्हा राग आला. मी खिशातून रुमाल काढला, बाटलीतल्या पाण्याने भिजवला आणि पुढे झालो.

"तुम्ही काई पुसू नका," ती म्हणाली.